आठही दिवे लागत होते

दोन वर्षं मी काकांनी बसवलेली तारांची टोकं त्यांच्या माघारी कापून पुन्हा बसवत होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची वेळ होती तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो, आणि नंतर सांगण्यात काही अर्थ उरला नाही. काकांचे डोळे गेले. त्यात माझा दोष किती, हे मी स्वतःलाच विचारतो आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या कामाला लागतो.

काका माझे सख्खे काका नव्हेत. माझ्या वडिलांचे कॉलेजातले मित्र. आम्ही देवासचे, ते धारचे. दोन्ही घराणी कधीकाळी दरबारांबरोबर दक्षिणेतून इकडे माळव्यात आलेली, एवढं एक साम्य; बाकी माझ्या घरी अर्धं बोलणं हिंदीत चालायचं आणि काकांकडे अजून जेवायला बसताना 'पाटपाणी झालं का' असं विचारायचे. देवासच्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो तो बंद पडला तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो. दोन महिने घरी बसलो. मग वडिलांनी धारला फोन लावला आणि काका म्हणाले, "पाठवून दे त्याला. माझ्याकडे काम भरपूर आहे, माणूस नाही."

काकांचं काम नेटवर्कचं. तरुणपणी त्यांनी टेलिफोनच्या तारा ओढल्या होत्या, पुढे कॉम्प्युटरच्या ओढू लागले. धारमधला एक खाजगी दवाखाना, दोन-तीन शाळा, काही दुकानं, राजगढच्या बाजूच्या धर्मशाळा, असं त्यांचं राज्य होतं. वय एकसष्ट. अंगात पांढरा बुशशर्ट, खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत टेस्टर, कात्री, काळी टेप आणि क्रिम्पिंगची पक्कड. तारेच्या टोकाला प्लास्टिकचा जॅक दाबून बसवायचं ते हत्यार त्यांनी वीस वर्षं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. मला त्यांनी नवी पक्कड आणून दिली.

मी कारखान्यातून शहाणा होऊन आलो होतो. कुठे नेट बंद पडलं की लॅपटॉप उघडून त्यात डोकं खुपसायचो. काका आधी बसायचे. खरोखर खुर्ची मागून घेऊन बसायचे. "बिघाड सांगणाऱ्याचं ऐकायचं सगळं, मानायचं काही नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. "नेट गेलं, नेट गेलं म्हणतात. अरे, नेट कुठे जाणार? वाटेत कुठेतरी अडलंय. कुठे अडलं तेवढं शोध." मग उठून तक्रार करणाऱ्याच्या टेबलापासून निघायचे आणि तारेवरून हात फिरवत चालत जायचे, भिंतीच्या कडेने, जिन्यावरून, थेट तारांच्या कपाटापर्यंत. कुठे उंदरानं कुरतडलंय, कुठे कपाटाचा पाय तारेवर आलाय, हे त्यांच्या बोटांना आधी कळायचं. प्रत्येक टोकाला रबरी टोपी चढवून तिच्याखाली काळ्या टेपचे दोन वेढे द्यायचे, ही त्यांची खूण. मीही तसेच वेढे देऊ लागलो. मी डावखुरा. ते माझे हात बघून हसायचे. "डावऱ्या, तुझं सगळंच उलटं," म्हणायचे.

वायरलेसवर त्यांचा राग होता. हवेला हात लावता येत नाही, ही तक्रार. पण तिथेही ते माझ्यापेक्षा पक्के निघाले. बाग नावाच्या गावी कापडावर ठशांची छपाई करणाऱ्या एकाकडे वायफाय सकाळी छान चालायचं आणि दुपारी बंद पडायचं. त्याचा माल आता फोनवरून विकला जायचा, त्यामुळे तो हैराण. मी वायफायचा डबा बदलला, चॅनल बदलला, छपाईवाल्याच्या शेजाऱ्यांवर संशय घेतला. काका अंगणात खाटेवर चहा पीत बसून राहिले. अकराच्या सुमारास कारागिरांनी कापडाचे धुतलेले ओले थान आणून अंगणभर दोऱ्यांवर टाकले, आणि घर आणि कारखान्याची शेड यांच्यामध्ये ओल्या कापडाच्या भिंती उभ्या राहिल्या. काकांनी मला नुसतं बोटानं दाखवलं. पाण्यातून वायफाय जात नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. ते कधीच न वाचलेल्या माणसाला ते दिसलं होतं. आम्ही डबा उचलून छपराच्या वळचणीला लावला आणि काम झालं. येताना ते म्हणाले, "दोन तास बघत बसलं की सगळं दिसतं रे."

हे वाक्य मला आता नकोसं होतं. कारण त्यांच्याकडे बघत बसलेला मीच होतो.

पहिल्यांदा दिसलं ते डही गावाकडच्या रस्त्यावर. एका शाळेचं काम करून आम्ही मोटरसायकलवर परत येत होतो, काका चालवत होते, मी मागे. डाव्या बाजूनं शेळ्यांचा कळप आला. लांबून दिसत होता, सावकाश येत होता, दडून बसलेला नव्हता. काकांनी वेग कमी केला नाही. मी ओरडलो, त्यांनी ब्रेक दाबला, आम्ही दोघं आडवे झालो. फारसं लागलं नाही. काका उठून कपडे झटकत म्हणाले, "कुठून घुसल्या रे एकदम?" एकदम नव्हत्या घुसल्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी म्हणालो, "काका, मागे बसून माझी कंबर दुखते, मी चालवतो." त्यांनी मुकाट्यानं किल्ली दिली.

मग दवाखान्याचं झालं.

तिथे तळमजल्यावर एक्स-रे निघायचे आणि ते तारेनं वर डॉक्टरांच्या खोलीत जायचे. काकांनी पावसाळ्याआधी त्या मजल्याच्या तारा नव्या टाकल्या होत्या. महिन्याभरात तिथल्या मॅनेजरचा फोन. "भिया, छोटे-मोटे पर्चे तो जा रहे हैं, पर एक्स-रे अटक जाता है. आधा आके खड़ा रहता है." काका गेले, टेस्टर लावला. टेस्टर म्हणजे दोन छोट्या डब्या. तारेच्या एका टोकाला एक, दुसऱ्याला दुसरी. तारेच्या आत आठ बारीक तारा असतात, त्या धड असतील तर डबीवरचे आठ दिवे एकामागून एक लागतात. आठही लागले. काका म्हणाले, "तार चांगली आहे, त्यांची मशीनच म्हातारी झाली." मॅनेजरचं समाधान झालेलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी एकटाच गेलो. काका दुसरीकडे होते. सगळं तपासून काही सापडेना तेव्हा मी त्यांचंच ऐकलं. खुर्ची घेऊन बसलो आणि त्या जॅकच्या पारदर्शक प्लास्टिकमधून आतले रंग बघत राहिलो. निळी तार हिरव्याच्या जागी होती आणि हिरवी निळ्याच्या. दुसरं टोक पाहिलं, तिथेही तेच. दोन्ही टोकांना एकच चूक झाली होती, म्हणून टेस्टरला काही कळत नव्हतं. त्याला फक्त इकडून निघालेलं तिकडे पोचतं का, एवढंच कळतं. पण त्या आठ तारा दोन-दोनच्या जोडीनं पिळलेल्या असतात, आणि जोडी मोडली की एकीतलं बोलणं दुसरीत शिरतं. चिठ्ठीचपाटी निभावते, एक्स-रेसारखं जड काही आलं की गोंधळ उडतो. 'जोडी मोडायची नाही,' हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते काकांनीच.

मी त्या मजल्यावरची सगळी टोकं पाहिली. अकरा तारांपैकी चारांमध्ये निळं-हिरवं उलटं होतं. चारांचीही दोन्ही टोकं कापली, नवे जॅक बसवले, रबरी टोपी चढवली, खाली काळ्या टेपचे दोन वेढे दिले, काकांसारखेच. कापलेली टोकं खिशात घालून नेली आणि बसस्टँडजवळच्या नाल्यात टाकली. चोरी केल्यासारखं वाटलं. मॅनेजरला म्हणालो, "काका बोल के गए थे, मैंने बस वैसा कर दिया." तो खूश झाला. त्यानं काकांना फोन करून धन्यवादही दिले. संध्याकाळी काका मला म्हणाले, "बघ, मशीनच होती. आता सुधारली ना?" मी हो म्हणालो.

आमच्यात मोठ्यांची चूक काढत नाहीत. ती गुपचूप सावरतात. आरतीत आजोबा एक कडवं गाळून पुढे गेले तर सगळं घर तेच कडवं गाळून पुढे जातं. जेवताना मोठा माणूस कुणाला भलत्याच नावानं हाक मारतो, तर तो त्या नावानं ओ देतो. मी याच वळणात वाढलो, आणि मला ते तोवर फार सुंदर वाटत असे. पण सगळं खापर त्या वळणावर फोडणं सोपं आहे. खरं सांगायचं तर काकांच्या नावावर मला काम मिळत होतं. ते घरी बसले तर मीही घरी बसणार होतो. आणि याहून लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे मला मनातून थोडं बरंही वाटत होतं. ज्या माणसापुढे मी रोज कमी पडायचो, त्याच्या चुका आता मी झाकत होतो, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. अदब हे त्यावर घातलेलं धुतलेलं पांघरूण होतं.

एकदा सुरू केलं की ते सोडता येत नाही. काका एखादी जागा उरकून गेले की मी काही निमित्त काढून मागे राहायचो. "काका, तुम्ही व्हा पुढे, मी कचरा गोळा करून येतो." ते गेले की बसायचो आणि टोकं बघायचो. सुरुवातीला दहात तीन. वर्षभरानं दहात सहा-सात. कधी एकाच टोकाला चूक व्हायची, मग टेस्टर दाखवायचा, काका वैतागून ते टोक पुन्हा बसवायचे, आठही दिवे लागेपर्यंत बसवायचे. दिवे लागले की विषय संपला. दुसऱ्या टोकाची चूक इकडेही आली म्हणून दिवे लागले, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. "हल्ली तारेचे रंगच फिके येतात," ते म्हणायचे. "माल हलका झालाय." मीही म्हणायचो, "हो काका, माल हलका झालाय."

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आधी, नवमीला, त्यांच्याकडे शस्त्रपूजा होती. घरात एक जुनी तलवार आहे. ती पाटावर ठेवतात, आणि तिच्या शेजारी काकांची पक्कड, टेस्टर, कात्री. माझी पक्कडही त्यांनी मागून घेतली होती. घरातली चार-पाच माणसं उभी होती. काका सोवळं नेसून बसले, तलवारीला गंध लावलं, हळद-कुंकू वाहिलं, मग हत्यारांकडे वळले. कुंकवाचं बोट त्यांनी पकडीच्या डाव्या अंगाला, पाटावर टेकवलं. पक्कड तिथून चार बोटं उजवीकडे होती. मग हळद, तीही पाटावर. मग अक्षता. त्यांच्या ओठांवर मंत्र चालूच होता. पाटावर एक लाल-पिवळा ठिपका झाला, आणि पक्कड कोरडी राहिली.

सगळ्यांनी पाहिलं. पूजेला बसलेल्या माणसाला टोकत नाहीत. काकू पुढे झाल्या, नमस्कार करायला वाकल्या, आणि वाकता वाकता आपल्या बोटानं त्या ठिपक्यातलं कुंकू उचलून पकडीला लावलं. इतक्या सराईतपणे की मी चमकलो. मला तेव्हा कळलं, की घरातही हे कधीपासून चालू आहे. मी बाहेर टोकं कापत होतो, त्या आत वाटी, पाण्याचा तांब्या, चष्मा, सगळं ठरल्या जागी ठेवत होत्या.

प्रसादाच्या वेळी मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. म्हणालो, "काकू, काकांना एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं." त्यांनी माझ्याकडे न बघता पेढे ताटलीत मांडले. "मोतीबिंदू असेल रे. या वयात सगळ्यांनाच होतो. पिकू दे, मग काढू." पुढे म्हणाल्या, "तू त्यांना काही बोलू नकोस हं. फार मनाला लावून घेतील. काम आहे तर उभे आहेत." मला तेवढंच हवं होतं. कुणीतरी मोठ्यानं गप्प राहायला सांगितलं, आता माझ्यावर काही उरलं नाही, असं मी धरून चाललो.

पुढच्या उन्हाळ्यात देवासला एका कारखान्यात मला पुन्हा नोकरी लागली. वडील खूश, मी खूश. शेवटच्या आठवड्यात मी काकांच्या सगळ्या जागा, त्यांचं घरसुद्धा, हिंडलो, एक-एक टोक तपासलं आणि उलटं दिसलं ते बदललं. इतकी नेटकी कामं मी कधी केली नव्हती. मनाला सांगत होतो, आता वर्षभर तरी बघायला नको. निघताना काकांच्या पाया पडलो. बोलायचं तर ही वेळ होती, पुढे रोज त्यांचं तोंड बघायचं नव्हतं. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "डावऱ्या, पण हात चांगला आहे तुझा." मी बसमध्ये जाऊन बसलो.

तारा मात्र कुणासाठी थांबत नाहीत. त्या दवाखान्यानं दोन महिन्यांत आणखी एक मजला चढवला आणि काकांनी एकट्यानं त्यात नव्या तारा टाकल्या. मॅनेजरचा फोन मला देवासला आला. माझ्या कारखान्यात जेवणाची सुट्टी होती, मी डबा उघडून बसलो होतो. "भिया, बुरा मत मानना. काका से अब नहीं होता. तीन बार आए, तीनों बार डब्बी लगा के बोलते हैं लाइट तो आठों जल रही. ऊपर एक फोटू नहीं पहुँच रहा. मरीज़ लेटा रहता है, डॉक्टर चिल्लाता है." मी म्हणालो, रविवारी येऊन बघतो. तो म्हणाला, "आपने पहले ही बता दिया होता." म्हणजे त्याला संशय होता. कापलेली टोकं मी नाल्यात टाकत होतो, आणि समजत होतो की कुणी बघत नाही.

रविवारपर्यंत तो थांबला नाही. इंदूरहून माणसं बोलावली. त्यांनी काकांच्या समोर टोकं कापून टेबलावर ओळीनं मांडली आणि तरुणपणाच्या उत्साहात दाखवलं, हे उलटं, हे उलटं, हेही उलटं. हे मला काकूंनी फोनवर सांगितलं. काका घरी आले, पिशवी खुंटीला लावली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. कामं सुटत गेली. धारसारख्या गावात अशी बातमी चहा निवायच्या आत सगळीकडे पोचते.

इंदूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांना शेवटी मीच नेलं. सकाळपासून दुपारपर्यंत तपासण्या चालल्या. यंत्रात हनुवटी टेकवून ठिपका दिसला की बटण दाबायचं, अशी एक तपासणी होती. काका आत बटण धरून बसले होते आणि बाहेर मला ते दाबल्याचा आवाज येत नव्हता. डॉक्टर वयानं लहान, शांत. म्हणाले, "मोतियाबिंद नहीं है. काला मोतिया है." म्हणजे काचबिंदू. नस सुकत जाते, कडेनं आत अंधार येतो, दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंब घालून जितके दिवस टिकेल तितके. मग त्यांनी विचारलं, "कब से तकलीफ़ है?"

काका म्हणाले, "अचानक हुआ, डॉक्टरसाहब. चार-छह महीने."

डॉक्टरांनी कागदांवरून मान हलवली. "नहीं, ये पुराना है. कम से कम दो-ढाई साल. तब आ जाते तो बहुत कुछ बच जाता. घर में किसी को लगा नहीं?"

खोलीत तीन माणसं होती. मी भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता बघत राहिलो. मला डहीच्या रस्त्यावरच्या शेळ्या दिसत होत्या, तारखेसकट. गाडीत बसल्यावर त्यांनी फक्त विचारलं, ऊन आहे का रे बाहेर.

याला आता वर्ष झालं. मी महिन्यातून एकदा धारला जातो. प्रत्येक वेळी ठरवून जातो की आज सांगायचं, आणि प्रत्येक वेळी भाजीपाला आणून देऊन, थेंब संपलेत का बघून, परत येतो. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा काका ओसरीवर बसले होते. त्यांच्या घरातलं नेट बंद होतं. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीचा फोन येतो त्यावर, म्हणून काकू अस्वस्थ. मी उठलो आणि तार शोधू लागलो. काका म्हणाले, "डबा बघू नकोस. पहिले तार." कपाटामागे जॅकची खिट्टी तुटली होती, टोक निसटून लोंबत होतं. मी म्हणालो, नवं टोक बसवतो. ते म्हणाले, "माझी पिशवी आण. खुंटीवर आहे."

मी पिशवी आणली. त्यांनी लोंबतं टोक माझ्या हातून घेतलं आणि त्यावरून अंगठा फिरवला. टोपीखालच्या टेपवर अंगठा थांबला.

"हे तुझं आहे," ते म्हणाले.

मी म्हणालो, "नाही काका, ही तार तुम्हीच टाकली होती. मी यायच्या आधी."

"तार माझी. टोक तुझं. तू डावरा. तुझ्या टेपचा वेढा उलटा जातो, शेवट उजवीकडे येतो. माझा डावीकडे." अंगठा अजून टेपवर फिरत होता. "दवाखान्यात कपाटात हात घातला की कळायचं. ही माझी, ही त्याची. आधी थोडी तुझी होती. मग सगळीच तुझी झाली."

मी पायरीवर बसलो. दोन वर्षं मी ज्याला लपवणं म्हणत होतो ते त्यांच्या बोटांखालून रोज जात होतं. मी कसंबसं म्हणालो, "काका, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" ते चिडले नव्हते. तारेचा बिघाड समजावून सांगायचे तसेच सांगत होते. "मला दिसायचं नाही नीट, ते मला कळत होतं. किती दिसत नाही, ते कसं कळणार? न दिसणारं दिसतं का माणसाला? ते बाहेरच्यानं सांगायचं असतं. म्हणून तुझी वाट बघत होतो. रोज वाटायचं, आज हा बोलेल. तू हुशार, शिकलेला. म्हटलं, खरंच मोठा बिघाड असता, तर हा गप्प बसला नसता. तू काही बोलला नाहीस. म्हणून मी धरून चाललो, एवढं काही नाही."

काकू दारात चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं असणार. त्यांनी एक कप काकांच्या उजव्या हाताशी, ठरल्या जागी, ठेवला आणि आत निघून गेल्या. मला माफी मागायची होती. शब्द जुळवून आणले होते, वर्षभर जुळवत होतो. मी पिशवीतून कात्री काढून त्यांच्या हातात दिली.

काकांनी कात्रीनं जुनं टोक कापलं, साल सोलली, आठ तारा बोटांनी पंख्यासारख्या पसरल्या. त्यात एकदाही चाचपडले नाहीत. मग मान माझ्याकडे वळवली, अगदी समोर, जिथून अजून थोडं दिसतं तिथून.

"रंग सांग," म्हणाले. "मी लावतो, तू नुसता बघ."

नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी. मी बोट ठेवून सांगत गेलो, ते सरळ करून ओळीत बसवत गेले. चौथी जागा निळीची. तिच्यासाठी तार त्यांनी स्वतःच उचलली, उजेडाकडे धरली, बराच वेळ धरली.

"ही निळी."

ओसरीवर ऊन होतं. त्यांच्या दोन बोटांमधली तार मला स्वच्छ दिसत होती.

"नाही काका," मी म्हणालो. "हिरवी आहे ती."

त्यांनी तार खाली ठेवली आणि तिच्या शेजारची उचलली.

"बघ," ते म्हणाले, "एवढंच म्हणायचं होतं तुला."